जमीन सांगेल तशी वाट

पालघर जिल्ह्यातल्या जुन्या वाटांची वर्गवारी करायची तर राजवटींची नावे क्षणभर बाजूला ठेवावीत आणि पायाखालची जमीन पाहावी. आम्ही शाळेत मुलांना तसेच शिकवतो. आमच्याकडे वाटा तीन जातींच्या : डोंगराच्या, सपाटीच्या आणि खाडीच्या.

डोंगराची वाट खिंड शोधत जाते. पालघरहून मनोरकडे जाणारी एसटी वाघोबा खिंड चढू लागली की डोक्यावर काळदुर्ग दिसतो. खिंडीतून जाणारा-येणारा त्याच्या नजरेतून सुटत नसणार. मनोरच्या पुढे विक्रमगड, जव्हार, मोखाडा करत वाट त्र्यंबक-नाशिकला पोचते. सपाटीची वाट सोपी. 1864 मध्ये मुंबईला पोचलेल्या रेल्वेनेही तीच धरली, म्हणून आपण आज बोईसरहून लोकल पकडतो.

खरा कस लागतो खाडीच्या वाटेवर. तारापूर आणि चिंचणी अगदी शेजारची गावे, पण मध्ये खाडी. अशा किनाऱ्यावर पूर्वी दर थोड्या अंतरावर रस्ता पाण्यात संपत असे, आणि पुढचा रस्ता म्हणजे तर, म्हणजे होडीच.

याच चिंचणीला राष्ट्रकूटांचे ताम्रपट सापडले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इ. स. 926 चा, तिसऱ्या इंद्राच्या काळातला. त्या वेळी संजाण मंडळाचा कारभार एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे होता. संस्कृत लेखात त्याचे नाव ‘मधुमती’ असे येते. अभ्यासक ते मुहम्मद असे वाचतात. त्याने दोन नद्यांवर फुकट तर सुरू केली आणि संजाणला अन्नछत्र घातले : साळीचा भात, कालवण आणि तूप, तेही विनामूल्य. एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेला जमीन मिळाली, तीही त्याच्याच हातून, राजाच्या संमतीने. संजाण आज तलासरीच्या पलीकडे, गुजरातेत आहे.

या किनाऱ्याच्या इतिहासात आपली मुले स्वतःला शोधू लागली की त्यांना बहुधा किल्ले आणि तलवारीच भेटतात. हा होडी घालणारा माणूस त्यांना भेटायला हवा. जकातीच्या आठ हक्कदारांत मुसाफिर आहे, हे आपल्या घरांत लहानांनाही पाठ असते. इथे मुसाफिराची सोय तांब्यावर कोरलेली आहे.

वैतरणेच्या खाडीवर, विरारच्या मारंबळपाड्याहून पालघर तालुक्यातल्या जलसारला, 2025 मध्ये गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली. हायवेने वळसा घातला तर साठेक किलोमीटर पडतात, पाण्यातून दीडेक. आता तिकीट मात्र काढावे लागते.