निजलेल्याचा साक्षीदार

वाचकहो, घोरणाऱ्यास आपण ‘किती सुखाने निजला आहे!’ असे म्हणतो. ते सुख खरे काय? दिवसा डोळ्यांवर सतत झापड येई, म्हणून रायपुरातील एका रुग्णालयात मी एक रात्र तपासणीसाठी निजलो. मस्तकावरील तारा मेंदूच्या लहरी टिपीत होत्या, नाकापाशी श्वास आणि बोटावर रक्तातील प्राणवायू मोजला जात होता. अहवाल सांगत होता : तासाला ३४ वेळा श्वास किमान १० सेकंद थांबला वा क्षीण झाला. ३० पासून पुढे विकार तीव्र मानतात. मला मात्र एकही वेळ आठवत नव्हती!

नाकावाटे हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याचा उपाय १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी प्रसिद्ध केला. तेच यंत्र आज माझ्या उशाशी आहे.

निजलेल्याचा साक्षीदार घरातील जागे माणूसच. घोरणे मध्येच थांबून शांतता पसरली, तर तिला विश्रांती समजू नका, डॉक्टरांना सांगा.