वाफ

१.
नातीने विचारलं, ‘लेट ऑफ स्टीम’ला मराठीत काय म्हणायचं? म्हटलं, मन मोकळं करणे. ती म्हणाली, मग वाफ कुठे गेली?

२.
तोंडाची वाफ दवडणे. इथे वाफ आहे, पण अर्थ उलटा. इंग्रजाने वाफ सोडली की त्याचं इंजिन वाचतं. आपण सोडली की ती फुकट गेली.

३.
गरळ ओकणे. मळमळ बाहेर काढणे. पोटात ठेवणे. शब्दकोश चाळतोय की डॉक्टरकडे बसलोय?
अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘कथार्सिस’लाही आपल्या समीक्षकांनी ‘विरेचन’ केलं. वैद्यबुवांकडे त्याचा अर्थ जुलाब.

४.
बेंगळुरूचं जे. पी. नगर, सकाळचे साडेसात. खिडकीतून पाच घरांचे कुकर मोजले. आपला कुकर शिट्टी देतो. शेजारच्या कन्नड अज्जींचा कुकर ‘कूगतो’, म्हणजे ओरडतो. ‘मूरु सल कूगिसु’ : तीनदा ओरडू दे. पाहिलं तर त्यांचंच बरोबर वाटतं.

५.
बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. उघड्या पातेल्यात पाणी सत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. मुंबईपेक्षा उकळी आधी, पण डाळ उशिरा शिजते.

६.
पहिला कुकर दनी पापँ या फ्रेंच माणसाचा, १६७९. हाडं मऊ करण्यासाठी. भांडं फुटू नये म्हणून त्याने वजनाने दाबलेली झडप बसवली. तिच्यासाठी निराळा वाक्प्रचार करायला इंग्रजांना वेळ लागला.

७.
जे. पी. म्हणजे जयप्रकाश नारायण. मेट्रोच्या पाटीवर अजून पूर्ण नाव आहे, तोंडी कोणाच्याच नाही.
आणीबाणी लागली आणि २६ जून १९७५च्या पहाटे त्यांना दिल्लीत धरलं. त्याच दिवशी बेंगळुरूत संसदीय समितीच्या कामासाठी आलेले वाजपेयी, अडवाणी आणि मधू दंडवते धरले गेले. त्यांना इथल्या सेंट्रल जेलमध्ये ठेवलं. पुढे प्रमिलाताई दंडवते येरवड्यात. नवरा-बायकोची पत्रं एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात, मध्ये तपासणाऱ्याचे डोळे. संसार त्या तिसऱ्या माणसासमोर चालला.

८.
त्या जेलचं आता फ्रीडम पार्क झालंय. शहरातली निदर्शनं तिथेच करायची, असा नियम आहे.

९.
१९७७. दंडवते रेल्वेमंत्री झाले. तेव्हा वाफेची इंजिनं धावत होती. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या मात्र दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी घातलेल्या गाद्या.

१०.
पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर. त्यात सासू, नवरा, दारू, पाऊस, विठोबा, सगळे आले. बाईने ज्याला सांगायचं होतं त्याला सांगितलं नाही, जात्याला सांगितलं. पीठ पडलं ते वेगळंच.

११.
जे. पी. नगरच्याच दुसऱ्या फेजमध्ये रंगशंकरा नाट्यगृह. २००४ साली उघडलं, अभिनेते शंकर नाग यांच्या आठवणीत. प्रयोग सुरू झाला की दार बंद, मग कोणीही असो. परवा एक गृहस्थ उशिरा आले आणि दाराशी त्यांनी मनसोक्त तोंडसुख घेतलं. आत शोकांतिका चालू होती. विरेचन बाहेरच उरकलं.

१२.
सिग्नलला हॉर्न.

१३.
शिट्टी झाली म्हणजे दाब उतरला, असं नसतं. जास्तीचा तेवढा जातो. गॅस बंद करून थांबल्याशिवाय झाकण निघत नाही.

१४.
रिंग सैल झाली की कुकर शिट्टी देत नाही. वाफ कडेने निघून जाते, डाळ कच्ची राहते. आमची बदलायला झाली आहे.