लॅमिंग्टन रोडवर सात हजारांची खरेदी

मुंबई सेंट्रलच्या एसटी आगाराजवळून दक्षिणेकडे ऑपेरा हाऊसपर्यंत जाणारा रस्ता म्हणजे लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव त्याला मिळाले. आता पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असते, पण टॅक्सीवाल्याला जुनेच नाव लवकर समजते. आमच्या वडिलांच्या पिढीला हा रस्ता सिनेमागृहांसाठी ठाऊक होता. इथल्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये ‘शोले’ पाच वर्षे चालला. आजच्या मुलांना विचाराल तर ती म्हणतील, ‘कॉम्प्युटरचा बाजार!’

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरले की बाजार सुरूच होतो. फुटपाथवर केबल, चार्जर, रिमोट. त्यामागे संगणक आणि सीसीटीव्हीची दुकाने. आणि जुन्या इमारतींच्या अरुंद जिन्यांवरून वर गेले की दुरुस्तीवाल्यांच्या खोल्या. रविवारी बहुतेक शटर खाली असतात, म्हणून बाहेरगावच्या माणसाने वार पाहून निघावे. आम्ही तिघे, म्हणजे लेक, तिची अम्मी आणि आम्ही, महाडहून पहाटेच्या एसटीने बुधवारी आलो.

काम छोटे होते, पण आमच्यासाठी मोठे होते. लेक इंटिरियर डिझाइनचा डिप्लोमा करते. शेवटचा प्रकल्प सादर करायला दहा दिवस उरले असताना संगणकाच्या पडद्यावर रंगीत ठिपके आणि आडव्या रेघा येऊ लागल्या. संगणक एका ऑफिसातून निघालेला, चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. २०२१च्या जुलैतल्या पुरात माळ्यावर होता म्हणून वाचला होता. लेकीने ग्राफिक्स कार्ड काढून पडद्याची वायर थेट मदरबोर्डला जोडली, तेव्हा चित्र स्वच्छ आले. म्हणजे कार्ड गेले होते, संगणक शाबूत होता. मात्र घराचे त्रिमित चित्र फिरवायला घेतले की तो अडकत असे. नवा लॅपटॉप हप्त्याने मिळत होता, पण त्यावर व्याज होते आणि ते आम्हाला नको होते. घरात बाजूला काढलेले सात हजार होते. त्यातच भागवायचे ठरले.

निघण्यापूर्वी लेकीने संगणकाचे झाकण उघडून वहीत चार गोष्टी लिहून घेतल्या. पॉवर सप्लाय २९० वॅटचा. त्यातून कार्डासाठी वेगळी सहा पिनांची वायर निघत नाही. कार्ड बसण्याची जागा किती लांब आणि किती उंच, ते इंचपट्टीने मोजले. मॉनिटर जुना, फक्त निळ्या व्हीजीए वायरचा. आणि प्रोसेसरचे नाव.

पहिल्याच दुकानात या वहीचा उपयोग झाला. विक्रेत्याने वापरलेले आठ जीबीचे आरएक्स ५८० पुढे केले. “चाचा, या भावात एवढी मेमरी कुठे मिळणार नाही,” तो म्हणाला. खरेच स्वस्त होते. पण ते कार्ड १८५ वॅट मागते. मदरबोर्डवरचा स्लॉट स्वतःहून जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यापुढची वीज वेगळ्या वायरीने द्यावी लागते. ती वायर आमच्याकडे नव्हती. शिवाय अशी पुष्कळ कार्डे इथेरियमच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये ते मायनिंग बंद झाले आणि ती कार्डे जुन्या बाजारात आली. त्यातली काही उत्तम चालतातही, पण कोणते किती झिजले आहे ते वरून कळत नाही.

दुसऱ्या दुकानात नवे, सीलबंद जीटी ७१० होते. बजेटमध्ये बसत होते, वीजही जेमतेम १९ वॅट. लेक म्हणाली, “अब्बा, हे घेऊन काय फायदा? प्रोसेसरमध्ये आधीच आहे त्यापेक्षा हे फार पुढे नाही.” बंद पडद्याला फक्त चित्र हवे असेल तर हे कार्ड ठीक, त्रिमित कामाला नाही. जीटी १०३० त्याहून बरे, पण एकाच नावाने ते दोन प्रकारांत मिळते. एकात जीडीडीआर-५ मेमरी असते, दुसऱ्यात डीडीआर-४, आणि दुसऱ्याचा मेमरीचा वेग पहिल्याच्या सुमारे एक तृतीयांशच भरतो. खोक्यावरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तिसऱ्या ठिकाणी जीटीएक्स १०५० टीआय आश्चर्य वाटावे इतके स्वस्त सांगितले. लेकीने ते दुकानातल्या संगणकाला लावून जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवायला सांगितला. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर असतात. पडद्यावर आकडा आला १९२, आणि नावाआधी ‘फेक’ असा शब्द. कुणीतरी जुन्या कार्डाच्या चिपमध्ये नवे नाव भरले होते. दुकानदार म्हणाला, “आम्हालाही असाच माल आला.” आम्ही वाद न घालता जिना उतरलो.

जोहरची नमाज आणि जेवण आटोपून दुपारी एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गेलो. चष्मा कपाळावर चढवलेले एक वयस्कर कारागीर सोल्डरिंग करत बसले होते. त्यांनी वहीच मागून घेतली आणि शांतपणे वाचली. मग दोन कार्डे काढली. एक खरे १०५० टीआय, दुसरे जीटीएक्स १६५०. दोन्ही चार जीबीची, दोन्ही ७५ वॅटमध्ये बसणारी. “१६५०ची काही मॉडेल्स वेगळी वायर मागतात, हे मागत नाही,” ते म्हणाले. भावात हजार-बाराशेचा फरक होता. लेकीच्या अम्मीने विचारले, “मग स्वस्त का घेऊ नये?” उत्तर लेकीनेच दिले. १०५० टीआय २०१६चे. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून त्या पिढीच्या कार्डांना नियमित ड्रायव्हर देणे थांबवले आहे. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. १६५० हे २०१९चे, पुढच्या पिढीचे, आणि त्याला नियमित ड्रायव्हर अजून मिळतात. हजार रुपयांत आणखी काही वर्षे मिळत होती.

भाव ६,२०० रुपये ठरला. पैसे घेण्यापूर्वी त्या कारागिरांनी स्वतःहून सांगितले, “याचा एक पंखा सुरुवातीला थोडा आवाज करतो. चालत असेल तरच घ्या.” मग अर्धा तास कार्डावर पूर्ण ताण देऊन दाखवला, तापमान दाखवले, आणि बिलावर सिरियल नंबरासह तीस दिवसांची हमी लिहून दिली. या कार्डातून व्हीजीए निघत नाही, म्हणून एचडीएमआयचे व्हीजीए करणारा अडॅप्टर तीनशे रुपयांत घेतला. उरलेल्या पाचशेत परतीचे चहापाणी झाले.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असा जुना संगणक असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी एकदा झाकण उघडून पाहा. काम कोणते, पॉवर सप्लाय किती वॅटचा, जागा किती, मॉनिटरची वायर कोणती, एवढे लिहून घ्या. जुने कार्ड चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका, आणि बिलावर नंबर लिहून घ्या. घरातल्या ज्या मुलाला किंवा मुलीला त्यातले कळते, तिला सोबत न्या आणि बोलू द्या. बाजारात आम्ही फक्त पैसे मोजले. प्रश्न सगळे लेकीने विचारले. सहाव्या दिवशी तिने प्रकल्प सादर केला: दोन खोल्यांचे घर, पुराच्या पाण्यापासून उंचावर घेतलेल्या स्वयंपाकघरासह.