अंड्यावर आलेल्या दोघी

हरिहरेश्वर, 7 ऑक्टोबर 2024
नवरात्र चालू. पावसाने उघडीप दिली. कुंपणाच्या मेंदीत घोयरा सरड्याची मादी दिसली. दोन्ही कुशी फुगलेल्या, कातडीखाली अंड्यांचे उंचवटे. एक डोळा माझ्यावर, दुसरा पानावरच्या माशीवर. हात लावला नाही.

8 ऑक्टोबर
रात्री भाचीचा फोन, एडिसनहून. तिकडे सकाळ. तिच्याकडे येमेनी जातीची शॅमेलिऑन, म्हणजे घोयऱ्याचीच, मादी आहे. तीही अंड्यावर आली. रंग गडद झाला, अंगभर पिवळे-निळे ठिपके उठले. "मावशी, घरात नर कधी नव्हताच, मग अंडी कशी?" म्हटलं, कोंबडी कोंबड्यावाचून अंडी घालतेच की. या जातीचंही तसंच. खाणं मुबलक मिळालं की अंडी जास्त धरतात. फळणार नाहीत, पण अंगातलं सगळं घेऊन बाहेर येतील.
तिच्या आणि माझ्या बोलण्यात एकच शब्द सारखा येत होता. कॅल्शियम.

9 ऑक्टोबर
मेंदीतली आज करवंदीवर. नाकतोडा खाल्ला. जीभ कधी गेली, कधी आली, कळले नाही.

11 ऑक्टोबर
कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा घातला. तिसऱ्यांची टरफले धुवून, वाळवून, पाट्यावर कुटायची ही आईची पद्धत. चुरा संपला की अंडी पातळ कवचाची येऊ लागतात, बोटाने दबतात. भाची तिच्या मादीच्या खाण्यावर घालते ती डबीतली पांढरी पूडही तीच वस्तू, कॅल्शियम कार्बोनेट. अंड्यांना लागणारे कॅल्शियम खाण्यातून मिळाले नाही तर मादी स्वतःच्या हाडांतून काढते. मग पाय वाकतात, जबडा मऊ पडतो. जीभसुद्धा लांब जात नाही, किडा समोर असून हाताला लागत नाही.

12 ऑक्टोबर
दसरा. दारात सोन्याची पाने. मेंदीतली दिसली नाही.

14 ऑक्टोबर
भाचीने तिच्या मादीच्या खाण्यापिण्याचे सगळे लिहून पाठवले. नीट वाचले.
साधी पूड, डी-3 नसलेली, जवळजवळ प्रत्येक खाण्यावर भुरभुरायची. डी-3 आणि इतर जीवनसत्त्वे असलेली महिन्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही. जास्त झाली तर गळ्याशी सूज येते.
रातकिड्यांत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. हवे त्याच्या उलट, कॅल्शियम दुप्पट. म्हणून आधी रातकिड्यांनाच एक दिवस चांगले खायला घालायचे. गाजर, संत्रे, मोहरीचा पाला. पालक नको, त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. मधूनमधून रेशमाच्या अळ्या.
वर अतिनील किरणांची नळी. त्या प्रकाशाशिवाय डी-3 अंगात तयार होत नाही, आणि डी-3 शिवाय पूड पोटातून तशीच बाहेर जाते.
पाणी वाटीत ठेवून उपयोग नाही, ती साचलेले पाणी ओळखत नाही. पानांवर फवारायचे, ती थेंब चाटते.
एवढे सगळे एका पेटीत उभे करायचे. पोरगी मन लावून करते आहे. मला तिचे कौतुक वाटते.

15 ऑक्टोबर
सकाळी दव. मेंदीतली पानाच्या टोकाचा थेंब चाटत होती. बराच वेळ.

16 ऑक्टोबर
कोजागिरी. भाची म्हणाली, "तूही तिला पिंजऱ्यात घे ना, निदान अंडी होईपर्यंत. मी पूड पाठवते." नाही म्हटले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोयऱ्याला संरक्षण आहे, घरात ठेवता येत नाही. कायदा नसता तरी ठेवली नसती. इथले नाकतोडे दहा झाडांचा पाला खाऊन आलेले असतात. नळीच्या जागी ऊन आहे. तिला माझ्याकडून पूड नको आहे. तिला उतरायला जागा हवी आहे.

19 ऑक्टोबर
बागमांडल्याला फेरीबोटीकडे निघाले होते. वळणावर घोयरा चिरडलेला. मादी होती. अंडी डांबरावर पसरलेली, पांढरी, कवच चामड्यासारखे, दोन-तीन अजून अखंड. एक उचलून पाहिले. बोटाखाली किंचित दबले, फुटले नाही. रस्त्याकडेच्या मातीत पुरली, उपयोग नाही हे माहीत असून.
पावसाळा सरला की माद्या अंडी घालायला झाडावरून खाली येतात. चाल अशी की एक पाऊल टाकायचे आणि डुलत राहायचे. पानांत ही चाल तिला लपवते. रस्त्यावर जीव घेते.

21 ऑक्टोबर
शेजारची मुले काठी घेऊन मेंदीपाशी. "काकू, विषारी आहे, फुंकते!" जवळ बसवून दाखवले. फुंकते, गळा फुगवते, कारण घाबरते. विष अजिबात नाही. धाकटीने पाय निरखले, बोटे दोन गटांत जुळलेली, फांदीला दोन बाजूंनी धरणारी. काठी तिने स्वतःच टाकली.

24 ऑक्टोबर
एडिसनच्या मादीने खाणे सोडले. पाणी मात्र खूप पिते. पेटीच्या तळाशी फिरते, काच खरवडते. भाची घाबरली. मी म्हटले, वेळ जवळ आली. वाळूचा डबा ठेव. फूटभर खोल, ओली वाळू, बीळ केले तर ढासळू नये इतकी ओली. आणि पेटीला चादर लाव. कुणी बघते आहे असे वाटले तर ती खणणे सोडून देते. अंडी पोटातच अडकतात.

26 ऑक्टोबर
अजून नाही. भाची रडवेली. झोप नाही मलाही.

27 ऑक्टोबर
सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेली. एक्स-रेत अंडी भरलेली, आकार बरोबर, हाडे बरी. डॉक्टर म्हणाले, डोळे खोल गेले किंवा दिवसाही मिटून बसली तर ताबडतोब आणा. नाही तर थांबा. हाडे बरी, हे महिनोन्‌महिन्यांच्या पुडीचे आणि नळीचे फळ.

29 ऑक्टोबर
धनत्रयोदशी. पहाटे फोन. घातली! चाळिसाच्या आसपास. भुयार बुजवून वाळू पायांनी दाबून वर आली. हडकुळी झाली आहे. भाची हसत होती, रडतही होती.

31 ऑक्टोबर
पहिली आंघोळ. फटाके फार. दुपारी इकडची उतरली.
2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने पोफळी आडव्या केल्या, त्या जागी अजून मोकळे ऊन पडते. नेमकी तिथे आली. पुढच्या पायांनी माती ओढत, डोके आत, शेपूट बाहेर. गडी आणि मी लांब, विहिरीच्या कठड्याआड. मुलांना तिकडचे फटाके बंद करायला सांगितले, त्यांनी ऐकले. संध्याकाळी वळून बसली, मागचा भाग बिळात. अंधार पडेपर्यंत तशीच.

1 नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. सकाळी बीळ दिसेना. माती सारखी केलेली, वर सुकी पाने. ठाऊक नसते तर पाय पडला असता.

3 नोव्हेंबर
भाऊबीज. अमेरिकेत घड्याळे आज तासभर मागे, फोन उशिरा. तिची मादी खाते आहे, पूड लावलेले रातकिडे आणि अळ्या, फवारा दिवसातून अनेकदा. पंधरवडाभर असे पोटभर द्यायचे, मग हात आखडायचा. दिवसाआड चार-पाच रातकिडे, बस्स. लाडाने भरवत राहिले तर पुढच्या वेळी आणखी अंडी धरेल, आणि प्रत्येक खेप तिचे आयुष्य झिजवते. भाचीला हे जड जाते आहे. तरी हेच करायला हवे.

5 नोव्हेंबर
आमची परत मेंदीवर. कुशी आत गेलेल्या. ऊन घेते आहे. दोन नाकतोडे माझ्या देखत.

9 नोव्हेंबर
वाडीचे शिंपणे सुरू. त्या जागेकडे जाणारा पाट मातीने बंद केला. पाणी साचले तर अंडी कुजतील, आणि त्यांना फुटायला महिने लागतात. तिथल्या पोफळीच्या रोपांना झारीने पाणी, बुंध्याशी, बेताने. चार खुंट्या ठोकून सुंभ बांधला. पाऊस लागेपर्यंत तिथे कुदळ मारायची नाही, गड्याला बजावून ठेवले आहे.