पाव टाकी

आपल्या सीमाभागात एक सवय घरोघरी दिसते. कोल्हापुरात लग्नकार्य किंवा खरेदी उरकली, गाडीचा काटा तळाला टेकला, तरी तिथे पेट्रोल भरायचं नाही. कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक, आणि इकडे लिटरमागे चार पैसे वाचतात. हिशेब चोखच आहे. फक्त टाकीच्या आत बसलेल्या पंपाचा खर्च त्यात कुणी धरत नाही.

आमची गाडी जुनी. मुलगा म्हणतो, "आई, विकून टाक गं." पण माझ्या आईला गुडघ्यांमुळे बसची पायरी चढवत नाही. दर महिन्याला निपाणीहून बेळगावला, 75 किलोमीटर, तिला दवाखान्यात न्यायची ती ह्याच गाडीतून. यंदा उन्हाळ्यात तवंदी घाट चढताना गाडी धक्के मारायची, बंद पडायची आणि अर्ध्या तासानं गार झाली की गुमान चालू व्हायची.

मेस्त्रींनी आधी फ्यूज आणि रिले बघितला, मग पेट्रोलचा दाब मोजला. म्हणाले, "वैनी, पंप थकलाय. टाकीतला."

"पेट्रोलात विजेची मोटर? मग पेट कशी घेत नाही?"

"बुडालेल्या मोटारीला हवा कुठली मिळतीया? हवेबिगर आग न्हाई. आणि तेच पेट्रोल तिला गार ठेवतंय. तुमच्या बोअरची मोटर न्हाई का? पाणी तळाला गेल्यावर चालवली की जळतीया."

एवढं मला लगेच कळलं. बोअरची मोटर जळाली की घरात काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत पंप बहुधा इंजिनाजवळ, बाहेर असायचा. इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि तो टाकीत गेला. टाकी रिकामी असली की घाटात पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि तापतो.

काम दोन तासांचं. बॅटरीची तार काढली, पाईपमधला दाब उतरवला, मागची सीट उचलली. झाकणावरची धूळ पुसल्याशिवाय मेस्त्रींनी ते उघडलं नाही. शेजारी कुणी बिडी काढली, त्याला रस्त्यापलीकडे धाडलं. पंपाच्या तोंडाची जाळी काळी झाली होती. पाणी गाळून पिणाऱ्या घरात वाढलेली मी, गाळणं वेळेवर बदलायचं हे मला पटवावं लागलं नाही. अख्खी जोडणी न घेता नुसती मोटर, जाळी आणि रबरी रिंग नवी घातली. खर्च बराच वाचला.

मैत्रिणींनो, किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी मागून दोन सेकंद बारीक गुणगुण येते. ती पंपाची. रोज ऐकत जा. ती मोठी झाली, कर्कश झाली किंवा येईनाशी झाली, तर मेस्त्रींना नेमकं तेवढंच सांगा. "गाडी चालत नाही" म्हणण्यापेक्षा त्यानं काम लवकर होतं, आणि नको ते सुटे भाग गळ्यात पडत नाहीत.

आणि टाकी पावाच्या खाली जाऊ देऊ नका. पेट्रोल स्वस्त मिळतं तिथेच भरा, पण काटा तळाला जायच्या आधी भरा.