रुळांमधले ठिपके



जर्मनीच्या रेल्वेने १९२६ साली '०१' वर्गाची वाफेची इंजिनं रुळांवर आणली. लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस गाड्या ओढणं हे त्यांचं काम. टेंडर धरून लांबी जवळजवळ २४ मीटर, मुख्य चाकांचा व्यास २ मीटर, म्हणजे उभ्या माणसाहून उंच, आणि वेग ताशी १२० ते १३० किलोमीटर. आज त्यातली मोजकीच शिल्लक आहेत. पण गोपिंगेन गावच्या मेर्क्लिन कंपनीने या इंजिनाची छोटी प्रतिकृती घरोघरी पोचवली. १८५९ साली बाहुल्यांच्या भातुकलीची पत्र्याची भांडी बनवत सुरू झालेली ही कंपनी. प्रतिकृती मूळ इंजिनाच्या ८७ पट लहान. २४ मीटरचं धूड २८ सेंटिमीटरमध्ये बसतं.

असं एक इंजिन आमच्या धर्मग्रामातल्या एका काकांकडे आहे. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाने पाठवलेलं. काका इथे वडोदऱ्याला रेल्वेत फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. आपल्याकडच्या डब्ल्यूपी इंजिनाच्या भट्टीत त्यांनी फावड्याने कोळसा टाकलाय. त्याची चाकंही अशीच: पुढे चार लहान, मध्ये सहा मोठी, मागे दोन. चर्चमध्ये वाचन काकांचं, नाताळचा गोठा काकांचा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली.

पहिल्या शुक्रवारी आम्ही स्वयंसेवक फादरांबरोबर आजारी माणसांना कम्युनियन द्यायला जातो. प्रार्थना झाली की काका टेबलावरची गाडी सुरू करायला लावतात. एकदा ते म्हणाले, "नीट बघा. माझ्या इंजिनात वाफ पिस्टनला ढकलायची, पिस्टन रॉडला आणि रॉड चाकाला. इथे उलटं आहे. आतली मोटर चाकं फिरवते आणि रॉड नुसता चाकामागे ओढला जातो. टेंडरमधला कोळसा प्लास्टिकचा." थोडं थांबून म्हणाले, "मीपण आता तसाच. आकार राहिला, आग गेली."

काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आम्ही गप्प. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना सांगतो ती उत्तरं अशा वेळी फार स्वस्त वाटतात.

फादरांनी साधं विचारलं, "मग काका, याला ताकद येते कुठून?"

काकांनी डाव्या हाताने इंजिन उचलून उलटं केलं. पोटाखाली धातूची एक लांब पट्टी होती. मेर्क्लिनच्या दोन रुळांच्या मध्ये, स्लीपरांवर, बारीक ठिपके असतात. सहज नजरेत न येणारे. त्यातून वीज येते, आणि ही पट्टी त्यांवरून घासत जाते. इंजिन उचललं की बंद. पुन्हा रुळावर टेकवलं की सुरू. पोटात साठा काहीच नाही.

परत येताना आम्ही त्यावरच बोलत होतो. सणाच्या धावपळीत आम्हा स्वयंसेवकांचे हातपाय त्या रॉडसारखे सतत हलत असतात, आणि लोकांना वाटतं मंडळी यांच्यावर चालते. कधी कधी आम्हालाही तसं वाटू लागतं. प्रभूने द्राक्षवेलीचा आणि फांद्यांचा दाखला दिला तो याचसाठी ना? धावणाऱ्याला आणि खाटेवरच्याला जीवन एकाच ठिकाणाहून मिळतं. काकांची आग गेली असेल, पण तो स्पर्श तुटलेला नाही. त्यांची पहाटेची जपमाळ एक दिवसही चुकलेली नाही, आता ती डाव्या हातात असते.

पुढच्या शुक्रवारी आम्ही त्यांच्याकडे एक कागद दिला: यंदा पहिलं कम्युनियन घेणाऱ्या मुलांची नावं. एकेका मुलासाठी प्रार्थना करायची, हे काम काकांचं. काका बरे झालेले नाहीत. काही दिवस त्यांना खूप जड जातात, तेव्हा ते कुणाशी बोलतही नाहीत. पण काकू सांगतात, कागद उशाशीच असतो.

तुमच्या धर्मग्रामातही कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल. भेटायला जाल तेव्हा फळं जरूर न्या. सोबत एखादं नावही न्या, आणि म्हणा, "याच्यासाठी प्रार्थना कराल का? आम्हाला तुमची गरज आहे."