मोतीचा गुडघा

कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा माथा सपाट नसतो, मागे उतरता असतो. पाऊल टेकलं की मांडीचं हाड त्या उतारावरून घसरू पाहतं आणि क्रूशिएट लिगामेंट ते धरून ठेवतं. माणसात हे लिगामेंट बहुतेकदा खेळताना एका झटक्यात तुटतं. कुत्र्यांत ते बरेचदा हळूहळू झिजतं आणि एक दिवस साध्या उडीत जातं. आमच्या मोतीचं सोफ्यावरून उतरताना गेलं.

टीपीएलओ नावाच्या ऑपरेशनमध्ये लिगामेंट जोडतच नाहीत. नडगीचं हाड कापून, वरचा भाग फिरवून उतार साधारण ५ अंशांवर आणतात आणि प्लेट-स्क्रू बसवतात. तुटलेल्या भागाची गरजच संपवायची! माझ्यातल्या इंजिनिअरला हे फार आवडलं. खर्च ऐकून बाबा फोनवर म्हणाले, "एवढ्यात म्हैस आली असती." मग थोडं थांबून, "जेवतोय का तो?"

हाड भरायला ८ ते १२ आठवडे लागतात. उडी बंद, जिना बंद, फरशीवर योगा मॅट, पट्टा धरून ५ मिनिटं बाहेर. खरी परीक्षा दुखणं कमी झाल्यावर सुरू होते. मोतीला वाटतं, आपण बरे झालो. तो बॉल आणून माझ्या पायाशी ठेवतो. मी तो उचलून कपाटावर ठेवतो. असं रोज, दोन महिने.

एक्स-रेत हाड भरलेलं दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी दुसरा गुडघाही चाचपला. एक गेला की दुसरा जायची भीती मोठी असते. वजन आटोक्यात ठेवणं तेवढं माझ्या हातात आहे. म्हणून पोळीचा शेवटचा तुकडा बंद झालाय आणि मोती सध्या माझ्यावर रुसलाय.